अस्वलांच्या जंगलात पायी फिरताना

मेळघाट, ज्ञानगंगा, नवेगाव-नागझिरा किंवा गडचिरोलीच्या जंगलात आयुष्य काढलेल्या वनमजुराला विचारले, तर पायी चालताना आपल्याला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त वाटते, असेच तो बहुधा सांगेल. वाघाला माणसाची चाहूल आधी लागते आणि बहुतेक वेळा तो आपण होऊन वाट सोडतो. अस्वलाचे तसे नाही. ते खाण्यात गुंग असते, माणूस दहा-पंधरा पावलांवर येऊन ठेपेपर्यंत त्याला त्याचा पत्ता नसतो, आणि पत्ता लागला की निघून जाण्याऐवजी ते कित्येकदा सरळ अंगावर येते.

सह्याद्रीत भटकण्याची सवय झालेली ट्रेकर मंडळी नरनाळा, गाविलगड आणि सातपुड्यातील इतर वाटांकडेही वळतात; शिवाय दक्षिणेकडे चंदगड, आंबोली, तिळारी आणि गोव्यातील म्हादईच्या पट्ट्यातही अस्वलांचा वावर आहे. अशा वेळी इंटरनेटवर शोधून जो सल्ला हाती लागतो, तो बहुतांशी अमेरिका आणि कॅनडातील अस्वले डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. अन्न जाड डब्यात बंद करा, तंबूपासून दूर झाडाला टांगा, काळे अस्वल असेल तर लढा आणि तपकिरी असेल तर मेल्याचे सोंग घ्या, असे त्यात सांगितलेले असते. तिकडच्या जंगलात तो सल्ला योग्यच आहे. आपले अस्वल (इंग्रजीत ‘स्लॉथ बेअर’) मात्र वेगळ्या जातीचे आहे, त्याचे खाणे वेगळे आहे आणि त्याच्या रागाचे कारणही वेगळे आहे. तुमच्या पिशवीतील दशम्यांसाठी ते सहसा येत नाही. ते दचकते आणि दचकल्यामुळे हल्ला करते. म्हणून त्याला दचकण्याची वेळ येऊ न देणे हाच खरा बचाव आहे, आणि पुढील जवळजवळ सगळ्या सूचना त्याच एका गोष्टीसाठी आहेत.

हे अस्वल असे का वागते

आपल्याकडील अस्वलाचे मुख्य अन्न वाळवी आणि मुंग्या. त्याच्या वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसतात, नाकपुड्या त्याला मिटून घेता येतात, आणि वारूळ फोडल्यावर त्या फटीतून तोंडाने आधी माती फुंकून मग वाळवी ओढून घेताना तो फूत्कार आणि चोखण्याचा आवाज शांत रात्री बऱ्याच अंतरावरून ऐकू येतो. आता कल्पना करा की डोके वारुळात, तोंडाचा स्वतःचाच एवढा आवाज, त्यात दृष्टी अधू आणि कानही फारसे तिखट नाहीत. नाक मात्र फार तीक्ष्ण असते. परंतु वारा त्याच्याकडून तुमच्याकडे वाहत असेल, तर त्या नाकाचाही उपयोग होत नाही. मग डोके वर काढताच समोर माणूस दिसतो आणि पुढचे सगळे काही क्षणांत घडते.

दुसरे कारण वाघ. ज्या जंगलात वाघ आणि बिबटे आहेत तिथेच हे अस्वल पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहे, आणि पाठ दाखवून पळणे त्याला कधी परवडलेले नाही. त्यामुळे जवळून अचानक धोका दिसला की उलट चाल करून जायचे, ही त्याची रीत बनली आहे. मादी पिल्लांना पाठीवर बसवून नेते. अशी मादी समोर आली तर तिच्याकडून दयामायेची अपेक्षा ठेवू नये. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते, पुढच्या पंजांची नखे वाकडी आणि सुमारे तीन इंच लांब असतात, आणि मागच्या पायांवर उभे राहून ते माणसाच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर वार करते. जखमी माणूस पुष्कळदा वाचतो, पण डोळा, नाक किंवा जबडा गमावतो. भीती घालण्यासाठी हे लिहिलेले नाही. हल्ल्याच्या वेळी शरीराचा कोणता भाग झाकायचा, हे त्यावरून ठरते.

वेळ, ऋतू आणि जागा

अस्वल मुख्यतः संध्याकाळपासून सकाळपर्यंत हिंडते. म्हणून पहाटे तीनला निघून सूर्योदय गडावर पाहायचा हा सह्याद्रीतील लाडका बेत अस्वलांच्या जंगलात मुळीच करू नये. ऊन नीट पडल्यावर चालायला लागावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. तरी दिवसा पूर्ण निर्धास्त राहता येत नाही, कारण पिल्ले असलेली मादी दिवसाही बाहेर पडते आणि पावसाळी ढगाळ दिवशी इतर अस्वलेही फिरताना दिसतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ही फुले उत्तररात्री आणि पहाटे जमिनीवर पडतात. ती वेचायला गावकरी अंधारातच झाडाखाली जातात आणि नेमकी तीच फुले खायला अस्वलही येते. या दिवसांत मोहाच्या झाडांमधून जाणारी वाट पहाटे आणि तिन्हीसांजेला टाळावी. त्यापाठोपाठ तेंदूची फळे पिकतात, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो, मग जांभळे येतात. हिवाळ्यात बोरे असतात, आणि बहावा व उंबर यांची फळेही अस्वलाला आवडतात. ज्या वाटेवर यांपैकी एखादे झाड फळांनी लगडलेले असेल, तिथे आवाज वाढवावा आणि रेंगाळू नये. मे ते जुलै हा साधारणतः मीलनाचा काळ असल्याने दोन अस्वले जोडीने दिसू शकतात. पाऊस सुरू झाला की गवत आणि झुडपे इतकी वाढतात की पाच पावलांवरचेही दिसत नाही. माझ्या मते नवख्याने या जंगलांत पायी जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, कारण रान थोडे मोकळे झालेले असते आणि मोहाचा हंगामही अजून दूर असतो. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मादी कपारीत पिल्ले घालते, हे तेव्हा लक्षात ठेवावे लागते.

त्यावरूनच जागेचा मुद्दा येतो. खडकांच्या राशी, घळी, नाल्याच्या काठची पोकळ दरड, घाणेरीची दाट जाळी ही अस्वलाच्या विसाव्याची ठिकाणे आहेत. गडावर गेले की प्रत्येक गुहेत डोकावायचे, प्रत्येक भुयारात बॅटरी मारायची आणि जमल्यास तिथेच पथारी पसरायची, ही आपली सवय आहे. नरनाळा आणि गाविलगड हे दोन्ही किल्ले मेळघाटच्या जंगलात आहेत. तिथल्या पडक्या खोल्या, अंधारे बुरूज आणि टाक्यांजवळच्या कपारी माणसांसाठी मोकळ्या ठेवलेल्या नाहीत, असे धरूनच वागावे. आत जायचेच असेल, तर वनविभागाच्या मार्गदर्शकाने आधी बाहेरून आवाज देऊन खात्री केल्यावर जावे. उन्हाळ्यात पाणवठ्याच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी फिरताच येत नाही. परवानगी आणि सोबतचा मार्गदर्शक ही कटकट समजू नये, कारण कालच कोणत्या नाल्यात अस्वल दिसले हे त्यालाच ठाऊक असते.

चालायचे कसे

एकट्याने जाऊ नये. चार-पाच जण असावेत आणि त्यांनी जवळजवळ राहावे. सह्याद्रीत रांग लांबत जाते, दोघे-तिघे पुढे धावतात, एखादा फोटोसाठी मागे राहतो आणि माथ्यावर सगळे भेटतात. इथे पुढे गेलेला तो एकटा आणि मागे राहिलेला तोही एकटाच. सर्वांत हळू चालणाऱ्याला रांगेच्या मध्यभागी ठेवावे आणि त्याच्या चालीने सगळ्यांनी चालावे.

बोलत राहावे. माणसाच्या आवाजाइतके दुसरे चांगले साधन नाही, कारण तो आवाज अस्वलाला ओळखीचा असतो आणि तो दुरून आला तर ते वाट सोडून जाते. गप्पा, अधूनमधून ‘हो… हो…’ अशी मोठी हाक, हाताची टाळी, काठीने खडकावर केलेला ठोका हे सगळे चालते. वळणापाशी, दाट झुडपात शिरताना, ओढ्याच्या खळखळाटाजवळ आणि समोरून वारा येत असताना आवाज मुद्दाम चढवावा. कानांत इअरफोन घालून चालणे म्हणजे स्वतःहून एक कान कापून देणे होय. सफारीच्या गाडीत गप्प बसायचे हा नियम डोक्यात पक्का बसलेला असल्यामुळे पुष्कळांना जंगलात बोलणे म्हणजे असभ्यपणा वाटतो. गाडीत बसलेल्याने गप्प राहावे, पायी चालणाऱ्याने बोलावे, एवढा फरक त्यांनी ध्यानात घ्यावा. मोबाइलवर किंवा स्पीकरवर गाणी लावण्याचे मात्र कारण नाही. त्यात आपल्यालाच जंगलाचे काही ऐकू येत नाही.

हातात काठी असावी. उत्तर गुजरातमध्ये संशोधकांनी जंगलात जाणाऱ्या लोकांसाठी ‘घंटी काठी’ तयार करून पाहिली आहे. तिची कल्पना साधी आहे आणि घरीही जमण्यासारखी आहे. खांद्यापर्यंत येईल असा मजबूत बांबू घ्यावा, त्याच्या वरच्या टोकाखाली बैलाच्या गळ्यात बांधतात तसली जाड पितळी घंटा तारेने घट्ट आवळावी आणि चालताना काठी प्रत्येक पावलाला जमिनीवर टेकवावी. टेकवली की घंटा आपोआप वाजते आणि बोलून घसा कोरडा पडला तरी आवाज थांबत नाही. शोभेची नाजूक घुंगरे इथे कामाची नाहीत, त्यांचा आवाज दहा पावलांवर विरतो. ही काठी रांगेतील पहिल्या माणसाच्या हाती द्यावी. काठी मारण्यासाठी नाही, अंतर राखण्यासाठी आहे, हे त्याला आधी समजावून सांगावे. अस्वल हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे कायद्याचे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी आहे.

कुत्रा सोबत नेऊ नये. मोकळा कुत्रा झुडपात शिरतो, भुंकून अस्वलाला डिवचतो, आणि ते मागे लागले की जीव घेऊन थेट मालकाच्या पायाशी येतो.

मुक्कामी असताना सर्वांत धोक्याची वेळ कोणती, तर पहाटे पाण्याची बाटली घेऊन झुडपामागे जाण्याची. माणूस एकटा असतो, अर्धवट झोपेत असतो, आवाज न करता जातो आणि खाली बसलेला असतो. लाज बाजूला ठेवून दुसऱ्याला सांगूनच जावे, त्याला हाकेच्या अंतरावर उभे करावे, हातात बॅटरी असावी आणि मोकळी जागा निवडावी. उघड्या रानात तंबू ठोकण्यापेक्षा गावात किंवा वनविभागाच्या विश्रामगृहात मुक्काम करणे केव्हाही बरे. उरलेले अन्न आणि फळांच्या साली मुक्कामाजवळ टाकू नयेत; आपल्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची ओढ स्वभावतः कमी असली, तरी ती लावता येते. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळच्या चंडी मंदिरात अस्वले प्रसाद खायला येतात आणि लोक त्यांच्या शेजारी उभे राहून चित्रफिती काढतात. त्या पाहून अस्वल गरीब प्राणी आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

जमिनीवरच्या खुणा

अस्वल दिसण्यापूर्वी त्याच्या खुणा दिसतात, आणि त्या वाचता आल्या तर निम्मे काम झाले. सर्वांत ठळक खूण फोडलेल्या वारुळाची. वारुळाच्या पायथ्याशी हात आत जाईल एवढे निमुळते भोक पडलेले असते, उकरलेली माती एकाच बाजूला उडालेली असते आणि भोकाच्या कडेवर नखांचे समांतर ओरखडे स्पष्ट उमटलेले असतात. तिथे थोडे वाकून पाहावे. वाळवी आपले फुटलेले घर लगेच लिंपू लागते. भोकाच्या कडेला ओल्या, गडद मातीचे नवे लिंपण दिसले तर काही वेळ गेलेला आहे असे समजावे. पण भोक सताड उघडे असेल, आतली माती ओलसर असेल आणि पांढरी वाळवी अजून सैरावैरा धावत असेल, तर अस्वल नुकतेच उठून गेले आहे. अशा वेळी मोठ्याने बोलत आल्या वाटेने मागे फिरावे.

ठसा ओळखणेही अवघड नाही. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, तर पुढच्या पंजाच्या ठशात बोटांच्या बराच पुढे नखांच्या टोकांची पाच बारीक भोके उमटलेली असतात. विष्ठेचा मोठा ढीग आणि त्यात बोरांच्या, बहाव्याच्या किंवा जांभळाच्या बिया अथवा मुंग्यांची कवचे दिसली, तर तीही अस्वलाचीच. ज्या झाडावर मधाचे पोळे आहे त्याच्या खोडावरील ओरखडेही पाहून घ्यावेत. तेच ओरखडे झाडावर चढून जीव वाचवण्याच्या बेताला परस्पर उत्तर देतात.

समोर आलेच तर

अस्वल दूर असेल आणि त्याला तुमचा पत्ता नसेल, तर हाका मारून त्याचे लक्ष वेधण्याची गरज नाही. सगळ्यांनी एकत्र यावे, नजर त्याच्यावर ठेवून शांतपणे मागे सरकावे आणि मोठा वळसा घालावा किंवा तो दिवस सोडून द्यावा. एक फोटो मिळेल म्हणून पुढे सरकू नये. पिल्लू एकटे दिसले तर आई दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ असतो.

अस्वल जवळ असेल आणि त्याने तुम्हाला पाहिले असेल, तर पळू नये. ते माणसापेक्षा वेगाने धावते, आणि पाठ वळवलेल्या माणसाला त्याचा वार मानेवर बसतो. किंचाळू नये, दगड मारू नये. हळू, सपाट आवाजात बोलत, काठी आपल्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरून, पाय जमिनीवर घासत एकेक पाऊल मागे जावे. त्याच्या सुटकेची वाट आपण अडवून उभे आहोत का, हे पाहावे. घळीच्या तोंडाशी किंवा अरुंद पायवाटेवर पुष्कळदा तसेच झालेले असते, तेव्हा आधी बाजूला व्हावे. ते मागच्या पायांवर उभे राहिले, तर ते बहुतेक वेळा वास घेऊन अंदाज घेत असते. ते धावून आले तरी जागीच उभे राहावे, कारण काही चाली केवळ धमकीच्या असतात आणि ते थोड्या अंतरावर थांबून वळते.

ते थांबत नाही आणि अंगाला भिडणारच, असे दिसले की जमिनीवर पालथे पडावे. चेहरा आणि पोट मातीला टेकवावे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफून मानेच्या मागच्या बाजूला घट्ट धरावीत, कोपरांनी चेहऱ्याच्या बाजू झाकाव्यात आणि पाय थोडे फाकवावेत, म्हणजे ते सहज उलथवू शकत नाही. पाठीवरची सॅक काढू नये. त्या वेळी तीच ढालीचे काम करते. प्रतिकार थांबला की ते बहुधा लवकर निघून जाते. ते गेल्यासारखे वाटले तरी ताबडतोब उठू नये, दूर गेल्याची खात्री होईपर्यंत तसेच पडून राहावे. बाकीच्यांनी पांगून पळण्याऐवजी एकत्र राहून थोड्या अंतरावरून मोठा गलका करावा.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी इथे एक पुस्ती जोडतो. उत्तराखंड, हिमाचल आणि काश्मीरमधील काळे अस्वल हे अमेरिकेतील काळ्या अस्वलाहून निराळे असून तेही चेहऱ्यावर आणि डोक्यावरच वार करते, त्यामुळे ‘काळ्या अस्वलाशी लढा’ हा अमेरिकी नियम तिकडे जसाच्या तसा लावू नये. जपानमध्येही याच जातीच्या काळ्या अस्वलाच्या हल्ल्यात पालथे पडून मान आणि डोके झाकण्याचाच सल्ला दिला जातो. लडाखमधील द्रास, सुरू आणि झांस्कर भागात तपकिरी अस्वल आहे आणि ते कचऱ्यावर येते, म्हणून तिथे अन्न बंदोबस्तात ठेवणे खरोखर महत्त्वाचे आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांनी त्या त्या उद्यानाचा नियम वाचूनच निघावे: यलोस्टोनमध्ये अस्वलापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर ठेवावे लागते आणि सोबत अस्वलाला परतवण्याचा तिखट फवारा (बेअर स्प्रे) बाळगण्याचा आग्रह धरला जातो, तर योसेमिटीत तोच फवारा नेण्यास मनाई आहे.

जखम झाल्यास

डोक्याच्या जखमेतून रक्त फार वाहते, म्हणून घाबरून वेळ दवडू नये. स्वच्छ कापडाची जाड घडी करून जखमेवर घट्ट दाबावी आणि सारखी उचलून पाहू नये. भिजली तर वर दुसरी घडी ठेवावी. डोक्याची कातडी सुटून लोंबत असेल, तर ती कापू किंवा ओढू नये, जागेवर बसवून वरून पट्टी बांधावी. डोळ्याला इजा झाली असेल तर डोळ्यावर दाब देऊ नये. चेहरा फाटला असेल, तर रक्त घशात जाऊ नये म्हणून जखमीला कुशीवर वळवावे किंवा पुढे वाकवून बसवावे. रक्त आटोक्यात आल्यावर, पाणी आणि साबण असेल तर लहान जखमा पंधरा मिनिटे धुवाव्यात. चावा असो वा नखांचा ओरखडा, रेबीजची लस, जखमेत देण्याचे रेबीज इम्युनोग्लोब्युलिन आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांविषयी डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.

जंगलाच्या आतील भागांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून शेवटचे गाव सोडतानाच आपली वाट आणि परतण्याची वेळ तिथे सांगून ठेवावी. रेंज मिळताच १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वनरक्षकाला कळवावे. राज्य शासन वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातील जखमींना जे अर्थसाहाय्य देते त्यात अस्वलाचा हल्लाही येतो. त्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा आणि सरकारी दवाखान्याची कागदपत्रे लागतात, तेव्हा घटना कुठे आणि किती वाजता घडली हे सोबत्यांपैकी एकाने लगेच लिहून ठेवावे. गावकरी काठ्या घेऊन अस्वलाच्या शोधात निघू लागले, तर त्यांना थांबवून ते काम वनविभागाच्या पथकावर सोडायला सांगावे. डिवचलेले अस्वल त्याच दिवशी दुसऱ्या कोणाला तरी गाठते.